डबीला दिलेला ओव्याचा शेक

गाडीत कुणाची गाणी कधी लागायची हे ठरलेलं होतं, आणि ते आमच्या ड्रायव्हरनं, बसूनं, ठरवलं होतं. मैंदर्गी सोडली की पहिली वीस मिनिटं उदयसिंह पाटलांच्या लावण्या. अक्कलकोट मागं पडलं की आमच्या गोपाळरावांची नाट्यगीतं. वळसंगपासून सोलापूर येईपर्यंत सावित्रम्मा. मी रुग्ण नाही, गोपाळरावांना, म्हणजे नवऱ्याला, सोबत म्हणून जाते, त्यामुळं गाण्यांत माझी पाळी नव्हती. मी मागितलीही नाही. पहाटे पाचला मला कुणाचंच गाणं नको असतं.

तिघांचीही मूत्रपिंडं निकामी. मंगळवार, गुरुवार, शनिवार सोलापुरात डायलिसिस, सकाळी सातची पहिली शिफ्ट. उशीर झाला तर यंत्र दुसऱ्याला जातं, आणि मग दुपारपर्यंत बाकावर बसा. म्हणून पावणेपाचला निघायचं. हे तीन वर्षं चाललं आहे आणि या तीन वर्षांत बसूची गाडी एकदाही चुकली नाही.

बसू म्हणजे बसवराज. वय अठ्ठेचाळीस, अंगानं काटकुळा, बाराही महिने गळ्याला मफलर. पुण्यात एका इंजिनिअरकडे अकरा वर्षं ड्रायव्हर होता. वडील अंथरुणाला खिळले तसा गावी परतला आणि एक जुनी व्हॅन घेतली. लग्नाची भाडी मारायचा, गाणगापूरला माणसं न्यायचा. गोपाळरावांचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा मी त्याच्या दारात जाऊन उभी राहिले. आठवड्यातून तीन दिवस, मरेपर्यंत, येतोस का, असं सरळ विचारलं. मी शाळेत अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवलं आहे, गोल बोलायची सवय नाही. त्यानं विचारलं, "कुणाच्या मरेपर्यंत, बाई? तुमच्या, का काकांच्या, का माझ्या?" मी म्हटलं, "जो आधी जाईल त्याच्या." तो म्हणाला, "चालतंय की."

माणूस गाडीत चढताना बसू तोंडाकडे बघत नाही, पायांकडे बघतो. चपलेचा पट्टा पावलात किती रुतला आहे त्यावरून कुणी किती पाणी प्यायलं ते सांगतो.

"काका, काल पानी लई झालं."

"एक कप चहा घेतला फक्त," गोपाळराव खोटं बोलतात.

"पट्टा तर तांब्याभर सांगालाय."

रुग्णांना घोटभर पाणीसुद्धा मोजून प्यावं लागतं म्हणून बसू वाटेत कधी चहाला थांबत नाही. मी कितीदा म्हटलं, अरे तू पी की, तुला कोण अडवतंय. ऐकत नाही. चौघांसाठी चार सोलापुरी चादरी ठेवतो आणि त्या दर रविवारी स्वतः धुतो. त्याची बायको दानेश्वरी म्हणते, घरच्या चादरी ह्यांनी जन्मात धुतल्या न्हाईत.

आता ती डबी. पुण्याच्या इंजिनिअरनं निरोप देताना त्याला गाणी साठवायचा आपला जुना प्लेअर दिला होता. साबणाच्या वडीएवढा, पण हातात घेतला की जड लागायचा, कारण आत खरीखुरी फिरणारी हार्ड डिस्क होती. हल्लीच्या वस्तूंत फिरणारं काही नसतं. यात एक चकती गरगर फिरते आणि तिच्यावर केसाच्या जाडीइतकंही अंतर नाही इतक्या जवळून एक काटा तरंगत असतो. बसू त्या प्लेअरला डबी म्हणायचा. गाडीच्या टेपला ती वायरनं जोडलेली आणि डॅशबोर्डवर दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीनं बसवलेली, त्यामुळं रात्रंदिवस गाडीतच असायची.

सावित्रम्मा आमच्या गल्लीच्या टोकाला राहते. वय एकाहत्तर, मुलगा कुमार हैदराबादला, तो फोन करतो. तिचा नवरा गुरुसिद्दप्पा एकतारीवर कानडी तत्त्वपदं म्हणायचा. मठात नाही, कार्यक्रमात नाही, आपल्या ओसरीवर, चार माणसं असली तर चार, नसली तर भिंत. एका दुपारी बसूनं आपल्या फोनवर ते वीस मिनिटं भरून घेतलं आणि अक्कलकोटच्या कॉम्प्युटरवाल्याकडून डबीत टाकलं. आठ महिन्यांनी गुरुसिद्दप्पा गेला. त्यानंतर दीड वर्षानं सावित्रम्माची मूत्रपिंडं गेली.

तिनं डायलिसिसला साफ नकार दिला होता. डॉक्टरांनी सांगितलं, कुमारनं येऊन पाय धरले, मी वैतागून चार शब्द बोलून आले. "बेडा," एवढंच म्हणायची. नको. मग एका पहाटे बसूनं गाडी तिच्या दाराशी लावली, दारं उघडी टाकली आणि डबी सुरू केली. गल्लीत गुरुसिद्दप्पाचा आवाज. ती डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली आणि एकही शब्द न बोलता मागच्या सीटवर बसली.

ती गाण्यासाठी यायची असं आम्हाला वाटायचं. तसं नव्हतं. पद संपतं, एकतारी खाली ठेवल्याचा आवाज होतो, गुरुसिद्दप्पा खाकरतो आणि म्हणतो, "सावित्री, च्या इडु." चहा ठेव. बसूनं ते कापलं नव्हतं. कापता येत नव्हतं म्हणून राहिलं होतं. ते वाक्य यायच्या आधी सावित्रम्मा चादर नीट करून सरळ बसायची. ते झालं की डोळे मिटायची, आणि मग तिला खुशाल यंत्राला जोडा. दोन वर्षं ती या दोन शब्दांच्या जोरावर जगली. मी विज्ञानाची शिक्षिका आहे आणि हे मी जबाबदारीनं लिहिते आहे.

यंदा डिसेंबरच्या शेवटी थंडी एकदम उतरली. सोलापूर म्हटलं की लोकांना ऊनच आठवतं, पण आमच्याकडे पहाटे उघड्या माळावर उभं राहून बघा. त्या गुरुवारी डबी लागेना. पाटलांच्या पाळीला नुसतं टक, टक, टक. पाटील वैतागले. नाट्यगीतांनाही तेच. हीटर लावून गाडी तापली तेव्हा वळसंगच्या पुढं कुठं ती सुरू झाली आणि सावित्रम्माची पाळी कशीबशी निभावली.

सोलापुरात उतरताना बसूनं मला विचारलं, "बाई, हिला काय झालं? थंडी बाधली का?"

माझं लक्ष गोपाळरावांकडे होतं. रात्रीपासून त्यांना धाप लागत होती आणि व्हीलचेअर सापडत नव्हती. मी म्हटलं, "हो, गारठली आहे ती. ऊब दे तिला." आणि मी निघून गेले.

मला म्हणायचं होतं की रात्री डबी गाडीत ठेवू नकोस, पिशवीत घालून घरात ने, सकाळी आणल्यावर लगेच चालू करू नकोस. एवढं सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं.

बसूनं ऊब दिली. आमच्याकडे बाळाला गारठा झाला की काय करतात ते त्यानं केलं. शनिवारी पहाटे चारला त्यानं डबी गाडीतून सोडवून घरात नेली, त्यानं आणि दानेश्वरीनं तव्यावर ओवा भाजला, ओलसर फडक्यात त्याची पुरचुंडी बांधली आणि डबीला पाठीपोटाशी दहा मिनिटं शेक दिला. मग लोकरीच्या टोपीत गुंडाळून, छातीशी धरून ती गाडीत आणली, वायरीला जोडली आणि लगेच बटण दाबलं. बाहेर थंडी, आत ओल्या फडक्याची वाफ. गार तांब्यावर बाहेरून थेंब जमतात तसे ते डबीच्या आत जमले, फिरत्या चकतीवर. एक कर्र असा आवाज झाला म्हणे.

आम्ही चढलो. बसू पाटलांना म्हणाला, आज बंद हाय. सावित्रम्मानं वळसंगला मान वर केली.

"बसू."

"दुरुस्तीला टाकतो, अव्वा. मंगळवारी मिळतंय."

ती त्या दिवशी गाडीत होती म्हणून यंत्रावर बसली. चार तास रुग्ण आत असतात, तेवढ्या वेळात बसू नवी पेठेत निघाला. मीही गेले, कारण दुकानदार त्याला काहीही सांगेल अशी मला खात्री होती. एका जिन्याखालच्या दुकानात भिंग लावून बसलेला म्हातारा होता. त्यानं डबीची पाठ उघडली, ती नाकाशी नेली आणि आमच्याकडे बघितलं.

"खाला, इसमें अजवान का बास कैसा आ रा?"

मी बसूकडे पाहिलं. त्याचा चेहरा शाळेत कॉपी सापडलेल्या पोरासारखा झाला. मग त्यानं तिथंच, गिऱ्हाइकांसमोर, सगळं सांगितलं. तवा, पुरचुंडी, टोपी. म्हातारा हसला नाही. त्यानं चकती दिव्याखाली धरली. काठाच्या थोडं आत गोल चरा पडला होता.

"पुना भेजके देखो. लेकिन मैं झूट नै बोलता. प्लेट छिल गई."

"दुसरी टाकता येत न्हाई का?" बसूनं विचारलं.

"नई प्लेट डाल देता मैं. उसमें तुम्हारा गाना कहाँ से लाऊँ?"

मी रस्त्यावर येऊन बसूला झापलं. एवढ्या शिकलेल्या माणसांत वावरलेली अक्कल, आणि ओव्याचा शेक. एकच प्रत ठेवतं का कोणी? तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "तुमी ऊब दे म्हणालात की, बाई." आरोप नव्हता तो. तेच तर जास्त लागलं.

डबी पुण्याला गेली आणि बसूची वणवण सुरू झाली. ज्या फोनवर भरून घेतलं होतं तो त्यानं ‘जुना द्या, नवा घ्या’ योजनेत देऊन टाकला होता. त्या दुकानात गेला, तिथं त्याला लोकांनी वेड्यात काढलं. अक्कलकोटच्या कॉम्प्युटरवाल्याचं दुकान आता झेरॉक्सचं झालंय, जुनं यंत्र भंगारात. मठात विचारलं, गुरुसिद्दप्पाच्या पुतण्यांना विचारलं, एका लग्नाची सीडी सापडली. त्यात गुरुसिद्दप्पा जेवायच्या पंगतीत दोन सेकंद दिसतो, तोंडात लाडू. आवाज बँडचा. बसूनं ती सीडी अकरा वेळा पाहिली असं दानेश्वरीनं मला सांगितलं. जेवत न्हाईत, म्हणाली. नुसतं ऐकालेत.

मंगळवारी पावणेपाचला सावित्रम्मानं दार उघडलं. "आली का?"

"न्हाई अजून. गुरुवारी."

"मग गुरुवारी ये." दार बंद.

मंगळवार गेला. गुरुवारी मी गोपाळरावांना गाडीत बसवून ठेवलं आणि बसूबरोबर तिच्या ओसरीवर गेले. तिचे पाय पाहिले. चपला घालायचा प्रश्नच नव्हता, पावलं उशीसारखी झाली होती.

"सावित्रम्मा, पाच दिवस झाले. पाणी फुप्फुसात चढेल. समजतंय का?"

"समजतंय."

"मग चला."

"बाई, तुमचा माणूस गाडीत बसलाय. तुमी मला नका सांगू."

माझ्याकडे उत्तर नसलं की मी आवाज चढवते, तसा चढवला. लहान मुलासारखं काय करता, कुमारला काय तोंड दाखवू, असं काहीबाही. तिनं माझ्याकडे लक्षच दिलं नाही. ती बसूकडे बघत होती.

"खरं सांग. येणार का ती परत?"

बसूनं मफलर सोडला, परत गुंडाळला. पुण्याहून आदल्या दिवशी फोन आला होता, ते मलाही माहीत नव्हतं.

"न्हाई, अव्वा."

"काहीच न्हाई?"

"काहीच न्हाई. मी मारली तिला. शेक दिला आणि मारली."

"कसला शेक?"

"ओव्याचा."

तिनं त्याला सगळं विचारलं. ओवा किती घेतला. फडकं ओलं का कोरडं. टोपी कुणाची. तो पायरीवर उभा राहून एकेक सांगत होता. दानेश्वरीच्या भाचीची टोपी, गुलाबी. ऐकून झाल्यावर सावित्रम्मा उठायला गेली, उठवेना, तशी जागेवरूनच म्हणाली, "हुच्चा, खुळा कुठला. लोखंडाला पोटात दुखतंय व्हय रे?"

"चुकलं, अव्वा."

"चुकलं म्हणून काय? मी त्याचं तोंड विसरले कधीच. डोळे मिटले की फोटोतलं तोंड येतंय, खरं न्हाई येत. आवाज तेवढा होता." मग शांतपणे म्हणाली, "जा. बाकीच्यांना उशीर होतोय."

आम्ही गेलो. अक्कलकोटच्या पुढं बसूनं गाडी कडेला घेतली, उतरला, बाभळीकडे तोंड करून उभा राहिला. उदयसिंह पाटील मला म्हणाले, "बाई, बोलवा त्याला, नाहीतर आज आपणबी ऱ्हातोय." मी हाक मारली नाही. गोपाळरावांनी मारली. "बसू, ये बाबा. गार वारं लागेल." तो आला, म्हणाला, "पाच मिनिटं गेली, काका. भरून काढतो." आणि खरोखर भरून काढली.

त्या दिवशी केंद्रातल्या डॉक्टरला तो तीनदा भेटला. पोलिस घेऊन तिला आणता येतं का, असं त्यानं विचारलं. डॉक्टर म्हणाला, शुद्धीत असलेल्या माणसाला जबरदस्तीनं यंत्राला लावता येत नाही. मग बसूनं विचारलं, किती दिवस? डॉक्टरनं बोटं मोजून नाही दाखवली, पण शनिवार ओलांडणार नाही हे मलाही दिसत होतं.

शुक्रवारभर तो तिच्या पायरीवर बसून होता. दानेश्वरीनं भाकरी पाठवली, ती कुत्र्यानं खाल्ली. त्यानं कुमारला हैदराबादेत फोन लावून दिला. सावित्रम्मानं मुलाशी पाऊस, ज्वारी, नातवाची परीक्षा असं सगळं बोलून फोन परत दिला. संध्याकाळी मी तिथून जाताना बसू म्हणाला, "बाई, मी गुरुसिद्दप्पांची नक्कल करून बघू का? आवाज काढून?"

"खबरदार," मी म्हटलं.

"न्हाई, विचारलं फक्त."

शनिवारी पहाटे दार उघडंच होतं. सावित्रम्मा भिंतीला टेकून बसलेली, आडवं होता येत नव्हतं, आडवं झालं की बुडाल्यासारखं होत होतं. ओठ काळेनिळे. श्वास घेताना घशात पाणी उकळल्यासारखा आवाज. तिचे डोळे मी विसरणार नाही. त्यात गुरुसिद्दप्पा नव्हता, रुसवा नव्हता, नुसती भीती होती. तिनं बसूकडे हात पुढं केला.

बसूनं तिला उचललं. कुणाच्या समजावण्यानं ती आली नाही, हे मला स्पष्ट लिहायचं आहे. माझ्या बोलण्यानं नाही आणि त्याच्या पायरीवर बसण्यानंही नाही. जीव गुदमरतो तेव्हा शरीर स्वतःच हात पुढं करतं.

ती पुढच्या सीटवर, खिडकी उघडी, कारण तिला हवा हवी होती. आमच्या तिघांच्या अंगावर चार चादरी, तरी दात वाजत होते. मैंदर्गी ते अक्कलकोट ती काही बोलू शकली नाही. पुढं वाऱ्यानं थोडं बरं वाटलं असावं, कारण तिनं शिव्या द्यायला सुरुवात केली. एका श्वासाला एक शब्द. बसूला, त्याच्या ओव्याला, त्याच्या सात पिढ्यांना, कानडीत. मला निम्मं कळत होतं आणि तेवढं पुरेसं होतं.

"हौदु, अव्वा," बसू म्हणायचा. होय. "हौदु." आणि गाडी दामटायचा. ती थांबली की तो म्हणायचा, "अव्वा, बोल की. थांबू नको. अजून दे." मग ती अजून द्यायची. वळसंगच्या पुढं एका वळणावर ती चांगली मिनिटभर गप्प झाली. मागून पाटील ओरडले, "ए म्हातारे, मला दे की दोन, मीपण शेक दिलाय." ती मान न वळवता म्हणाली, "तू... तर... बोलूच... नको." आम्हाला हायसं वाटलं.

सहा वाजून दहा मिनिटांनी बसू तिला दोन्ही हातांवर घेऊन आत शिरला. स्ट्रेचरची वाट पाहिली नाही. दोन खेपा चुकल्यामुळं तिचं यंत्र दुसऱ्याला गेलं होतं, म्हणून गोपाळरावांनी आपलं यंत्र तिला द्यायला सांगितलं आणि स्वतः बाकावर बसले. मी त्यांना त्यावरून काही बोलले नाही, बहुधा आमच्या चाळीस वर्षांत पहिल्यांदाच. चार तास बसू दारातल्या काचेतून बघत उभा होता. एरवी एवढ्या वेळात तो गाडी धुतो, त्या दिवशी धुतली नाही.

ती वाचली. परतताना अक्कलकोटच्या अलीकडे बसूनं आरशात बघत विचारलं, "अव्वा, मंगळवारी येतो. पावणेपाचला."

"मंगळवारी येते," ती म्हणाली. "गुरुवारचं मला विचारू नको. गुरुवारचं मंगळवारी विचार."

आता फेब्रुवारी संपत आला. तिच्या बोलण्याप्रमाणे बसू प्रत्येक वेळी फक्त पुढच्या खेपेचं विचारतो आणि ती हो म्हणते. पण सकाळी दारात गेल्यावर परत विचारावं लागतं, आणि तेव्हा ती लगेच उत्तर देत नाही. बसू चादर हातावर घेऊन पायरीवर उभा असतो. आत ती पलंगावर बसलेली असते. आम्ही गाडीत घड्याळ बघत असतो. पाटलांनी लावणीचं नाव काढलेलं नाही, नव्या डबीचंही कुणी काढलेलं नाही. मंगळवारी तिनं नऊ मिनिटं घेतली. गुरुवारी अकरा.

"बसू, हाक मार तिला," मी काच खाली करून म्हटलं.

"न्हाई बाई," तो तिकडंच बघत म्हणाला. "चपला हुडकालीय ती. आवाज येतोय."

मला काही आवाज येत नव्हता. आम्ही थांबलो.